संगीत नसल्याचा ठराव

सान रोक्कूचा फेस्ता, म्हणजे गावच्या संताचा उत्सव, जवळ आला तशा रितिएनच्या गल्लीत दिव्यांच्या माळा चढल्या. फक्त तिच्या घरावर चढल्या नाहीत. माळा लावणारी माणसं शेजारच्या सज्ज्यापाशी थांबली, तिच्या मिटलेल्या खिडक्यांकडे बघून त्यांनी टोप्या काढल्या आणि तार तिच्या छपरावरून उंच ओढून पलीकडच्या घराला नेऊन बांधली. गावाची रीतच तशी होती. ज्या घरात मरण झालं त्या घराला वर्षभर झेंडा नाही, दिवा नाही. आणि फेस्ताच्या रविवारी बँड चर्चकडे निघाला की त्या घरापाशी त्याने वाजवणं थांबवायचं. कोपऱ्यापासून विहिरीपर्यंत सगळ्यांनी वाद्यं काखेत धरून मुकाट चालायचं, आणि विहीर आली की पुन्हा सुरू करायचं.

रितिएनला दिवे नकोच होते, झेंडेही नको होते. बँडने तिच्या दारात गप्प होऊ नये, एवढं एकच तिला हवं होतं.

तिचा बाप, चेन्सू, फेब्रुवारीत गेला. रविवारची मॅकरोनी ओव्हनमध्ये ठेवून खुर्चीत जरा टेकला, तो उठलाच नाही. करपल्याच्या वासाने शेजारी धावत आले. मयताला आलेली निम्मी माणसं एकमेकांना सांगत होती की चेन्सूच्या हातून मॅकरोनी करपली, म्हणजे तो खरंच गेला असणार. बँडचा मोठा ढोल गळ्यात अडकवून तो जन्मभर ह्या गल्ल्यांतून चालला होता. आता तो ढोल बँड क्लबाच्या अध्यक्षाच्या जावयाकडे गेला होता.

रितिएन आधी रीतसर त्या अध्यक्षाकडे, विस्तीनकडे, गेली. त्याचं खिळे-कुलपांचं दुकान होतं. तिचं म्हणणं ऐकताना तो बिजागऱ्यांना तेल लावत राहिला आणि मग खूप बोलला. एका घराला सूट दिली तर पुढच्या वर्षी गावातली प्रत्येक विधवा सूट मागेल, परवा एक बाई तर कुत्रं मेल्याबद्दल बँड थांबवा म्हणून आली होती, तिला समजावता समजावता त्याचा घसा बसला, वगैरे. शेवटी त्याने तेलाचा डबा खाली ठेवला.

"शांतता हा मान आहे, पोरी. तुझ्या बापाने गावातल्या प्रत्येक घराला तो दिला. मग आता त्यालाच द्यायचा नाही?"

तो मान तिने एकदा ऐकला होता. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. फेस्ताला स्वयंपाकघरातल्या मिटलेल्या खिडकीमागे ती उभी होती. कोपऱ्यावर बँडची धून मध्येच तुटली आणि मग नुसते बूट ऐकू आले. दगडी रस्त्यावर सगळ्या बँडचे बूट, आणि त्यांचा पाय चुकू नये म्हणून ढोलाच्या लाकडी कडेवर टिपरीची हलकी टिकटिक. ती टिकटिक म्हणजे तिचा बाप होता. स्वतःच्याच दारावरून तो मान देत चालला होता. रितिएनला वाटलं होतं, सगळा गाव बूट घालून कुठेतरी निघून चाललाय, आणि बाबा पुढे होऊन त्यांना वाट दाखवतोय.

विस्तीनला हे सांगितलं असतं तर त्याने डोळे पुसले असते आणि नियम तोच ठेवला असता. ती त्याचे आभार मानून बाहेर पडली आणि कार्मनूच्या भट्टीकडे गेली.

आईच्या त्या फेस्तानंतर दुसऱ्याच दिवशी चेन्सूने दोघा मित्रांना गाठलं होतं. कार्मनू पाव भाजायचा आणि गिटार वाजवायचा. स्पीरू माल्टाला जाणाऱ्या बोटीवर गाड्या चढवायचा आणि ओरडायचा. चेन्सू त्यांना म्हणाला, "मला आवाज हवाय. चांगला नसला तरी चालेल, मोठा हवा." अशा रीतीने गोझो बेटावरचं पहिलं ब्लॅक मेटल, म्हणजे सैतान-नरकाच्या गाण्यांचं कर्कश गिटारी रॉक, वाजवणारं पथक जन्माला आलं. त्यांनी नाव ठेवलं होफ्रा, म्हणजे खड्डा. पालिकेने वर्षानुवर्षं न बुजवलेला एक खड्डा भट्टीसमोरच होता, त्यामुळे फार डोकं चालवावं लागलं नाही.

ब्लॅक मेटलवाल्यांना तोंड प्रेतासारखं पांढरंफटक करावं लागतं. कार्मनूकडे पिठाची वानवा नव्हती, आणि डोळ्यांभोवती फासायला भट्टीतली काजळी होती. पण ऑगस्टच्या उन्हात दुसऱ्या गाण्यापर्यंत घामाने पीठ भिजायचं, आणि तिसऱ्या गाण्यात तिघांच्या गालांवर चांगली कणीक मळून निघायची. स्पीरूचा गळा मात्र दैवी होता. बोटीच्या उतारावर तो "इंजिनं बंद करा" म्हणून गरजला की लोक इंजिनं बंद करून वर हातही उचलायचे.

पथकाचा पडदा चेन्सूच्या बहिणीने, झेझा आत्याने केला. काळ्या कापडावर पांढऱ्या लेसचं काम. पोरांनी तिच्याकडे बोकडाचं भयंकर मुंडकं आणि खाली उलटा क्रूस मागितला होता. उलटा क्रूस विणला तर माझे हात झडतील, असं सांगून आत्याने क्रूस सरळच विणला. बोकड तिने जन्मात कधी बारकाईने बघितला नव्हता, म्हणून समोर बांधलेल्या पुपाला बघून मुंडकं काढलं. पुपा तिची दुभती शेळी. इतकी गरीब की शेजारची मांजरं तिच्या पाठीवर झोपत. मग क्रूस उलटा दिसावा म्हणून पोरांनी पडदाच उलटा टांगायला सुरुवात केली, आणि पुपा वर्षानुवर्षं शिंगांवर उभी राहिली. जर्मनीतल्या कुठल्याशा मासिकाने त्या उलट्या शेळीतल्या गूढ अर्थावर दोन पानं छापली. ती वाचून पोलंडचा एक तरुण कातडी कोट घालून भर उन्हाळ्यात गोझोला आला. होफ्राच्या दर्शनाच्या आधीच चक्कर येऊन आत्याच्या ओट्यावर पडला. आत्याने त्याचा कोट काढला, त्याला पुपाच्या दुधाचं चीज खाऊ घातलं आणि जाताना एक टेबलक्लॉथ विकला.

त्या मासिकाला आणखी एका गोष्टीचं फार कौतुक होतं. जगातली बाकीची ब्लॅक मेटल पथकं वाघ मागे लागल्यासारखी वाजवतात. होफ्रा तेवढं सावकाश वाजवायचं. ही थंड, क्रूर संथता आहे, एखाद्या प्रेतयात्रेसारखी, असं मासिकाने लिहिलं. खरी गोष्ट अशी की चेन्सूला एकच चाल येत होती, फेस्ताच्या मिरवणुकीची. नरकाबद्दलचं गाणं असो की महामारीबद्दलचं, तो ते क्लबापासून चर्चपर्यंत चालत जाता येईल अशाच ठेक्यात वाजवायचा.

रितिएन भट्टीत शिरली तेव्हा स्पीरूही तिथेच होता. दोघं गरम पाव फोडून त्यात टोमॅटो चोळत होते. चेन्सूच्या जागी दुसरा ढोलवाला त्यांनी शोधलाच नव्हता. फेब्रुवारीपासून होफ्रा बंदच होतं, आणि एकमेकांकडे न बघता पाव खाण्याची त्यांना सवय लागली होती. विस्तीनचा नकार तिने सांगितला.

"तो दुसरं काय करणार," कार्मनू म्हणाला. "ज्याला कानच नाहीत तो मान काय देणार? आमच्याबद्दल काय ठराव केला होता ते तुला ठाऊक आहे ना?"

तो ठराव गावात सगळ्यांना पाठ होता. होफ्राला तालमीसाठी क्लबाची मागची खोली हवी होती. क्लबाच्या इमारतीत फक्त संगीत वाजवता येईल, असा नियम. म्हणून समितीने एकदा त्यांचं एक गाणं बसून ऐकलं. खजिनदाराने मध्येच कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून खिशात ठेवलं. मग समितीने एकमताने ठरवलं की आज जे ऐकलं ते संगीत नव्हे. चेन्सू स्वतः समितीत होता. त्यानेही हात वर केला, आणि नंतर आयुष्यभर त्या ठरावाचा अभिमान बाळगला.

रितिएनने पावाचा तुकडा तोंडात टाकला. तो नीट चावून गिळला.

"काका," ती म्हणाली, "मग दुखवट्याच्या घरावर तुम्ही वाजवलंत तर नियम कुठे मोडतो?"

कार्मनू आणि स्पीरूने फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं.

गुपित दोन दिवसही टिकलं नाही, कारण स्पीरूला हळू बोलता येत नव्हतं. बोटीवर त्याने ते फक्त एकाच्या कानात सांगितलं, आणि मागच्या ट्रकवाल्याने तिथूनच शुभेच्छा दिल्या. त्याच संध्याकाळी विस्तीन रितिएनच्या दारात उभा राहिला. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. चेन्सूच्या खुर्चीत बसायला तो तयार नव्हता, म्हणून ओव्हनशेजारच्या स्टुलावर बसला आणि फार बुटका दिसू लागला.

"हे बघ रितिएन. बँड गप्प असताना तुझ्या गच्चीवर संगीत झालं, तर मला लोकांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"संगीत होणार नाही, विस्तीनकाका."

"मग ते दोघं गिटार घेऊन वर काय करणार आहेत?"

"ते तुमच्या समितीने ठरवलंय. मी काय सांगणार?"

विस्तीनने कॉफीत बिस्किट बुडवलं आणि तिथेच विसरला. बिस्किट विरघळून तळाला गेलं. ठरावाखाली त्याचीच पहिली सही होती, आणि ठराव मागे घ्यायचा तर होफ्राला मागची खोली द्यावी लागणार होती. ह्या दोन भिंतींमध्ये तो बराच वेळ अडकून बसला.

"चेन्सू असता तर हसून लोळला असता," तो शेवटी म्हणाला, आणि हे आपण रागाने बोललो की कसं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने उरलेली कॉफी बिस्किटासकट पिऊन टाकली आणि परवानगी न देता, मनाईही न करता निघून गेला.

रविवारी दुपारनंतर ऊन उतरणीला लागलं होतं, पण गच्चीचे दगड तव्यासारखे तापलेले होते. कार्मनूने घरून पिठाची पिशवी आणली होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून दोघांनी एकमेकांची तोंडं रंगवली. झेझा आत्या हातात जपमाळ, कानात कापूस आणि काखेत पडदा घेऊन जिना चढून आली. दुखवट्याच्या घरावर झेंडा चालत नाही, पण काळं कापड चालतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कठड्यावरून पडदा तिने स्वतःच्या हाताने सोडला, आणि सरळ सोडला.

"आत्या, क्रूस उलटा दिसायला हवा," स्पीरू म्हणाला.

"आज माझा भाऊ वरून बघणार आहे," आत्या म्हणाली. "त्याला माझी शेळी एकदा तरी सरळ बघू दे."

खाली गल्लीत जमलेल्या बायकांनी वर बघितलं आणि पुपा म्हणून ओळखलं. दोघी-तिघींनी तर हातही हलवला. पुपाला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

बँडचा आवाज आधी चौकातून आला, मग वळणावरून. रितिएन कठड्याशी उभी होती. पितळ उन्हात लकाकताना दिसलं, सगळ्यांच्या पुढे छातीवर पट्टा लावलेला विस्तीन, आणि मधोमध त्याचा जावई, गळ्यात चेन्सूचा ढोल. ढोल जरा खाली बांधलेला होता. चेन्सू तो वर, बरगड्यांशी बांधायचा. कोपरा आला. विस्तीनने हात वर केला. धून मध्येच तुटली.

कार्मनूने हात उगारून तारांवर मारला, आणि काहीच झालं नाही.

त्याने पुन्हा मारला. डास गुणगुणावा तेवढा आवाज आला. स्पीरूने तोंड उघडलं आणि मिटलं. रितिएनची नजर गिटारीच्या ध्वनिवर्धकाच्या वायरीमागे जिन्यावरून खाली गेली. वायर स्वयंपाकघरात जात होती. तिने मागे वळून आत्याकडे बघितलं. आत्याने कानातला कापूस काढला.

"मी फक्त तो प्लग काढून पंखा लावला," ती म्हणाली. "खाली आल्यावर प्यायला तुम्हा सगळ्यांना लिंबाचं पाणी करून ठेवलं होतं, ते गरम होत होतं."

रितिएन जिन्यावरून धावत सुटली. स्वयंपाकघरात लिंबाच्या पाण्याच्या सुरईसमोर पंखा ऐटीत फिरत होता. ती प्लगपाशी पोचली आणि तिथेच थबकली, कारण ती त्याच मिटलेल्या खिडकीमागे उभी होती आणि बाहेर बूट ऐकू येत होते.

फक्त बूट. टिकटिक नव्हती. ती वाजवायची असते हे जावयाला कुणी सांगितलंच नव्हतं. हा चेन्सूचा स्वतःचा उद्योग होता, कुठल्याही कागदावर नसलेला. टिकटिकीवाचून बँडचा पाय आधी किंचित चुकला, मग सरळसरळ फिसकटला. कुणी पुढे, कुणी मागे, आणि तुबाचा मोठा कर्णा धरणारा तर आपल्याच पायात अडखळल्यासारखा. पिशवीतून बटाटे सांडावेत तसे बूट दगडांवर सांडत होते. विहीर अजून लांब होती.

रितिएनने पंख्याचा प्लग उपटला आणि वायरीचा लावला.

घर हादरलं. फळीवरच्या बश्या किणकिणल्या. वरून कार्मनूची गिटार पहिल्या ठोक्यापासून सुरू झाली आणि तिच्या मागोमाग स्पीरूचा गळा, जणू बेटावरच्या सगळ्या गाड्यांना एकदम इंजिनं बंद करायला सांगतोय असा. गाणं महामारीबद्दलचं होतं. गच्चीवर ढोल नव्हता. पण कार्मनूने पंचवीस वर्षं चेन्सूच्या शेजारी उभं राहून वाजवलं होतं, आणि त्याच्या उजव्या हाताला दुसरी कुठली चाल ठाऊकच नव्हती. तो क्लबापासून चर्चपर्यंत चालत जाता येईल अशाच ठेक्यात तारा ओरबाडत होता.

रितिएन खिडकीच्या फळीला कान लावून उभी राहिली.

आधी पुढचे दोघं-तिघं सावरले. मग मधली रांग. मग सगळे बूट एकेक करून गाण्यात जाऊन बसले, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि नरकातून ओरडणाऱ्या त्या गळ्याखाली सान रोक्कूचा बँड वाद्यं काखेत धरून, तोंड मिटून, कवायतीत चालावा तसा तिच्या दारावरून गेला. कुणी एक सूर काढला नाही. मान पुरेपूर दिला गेला. ती विहिरीपर्यंत ऐकत राहिली. विहिरीपाशी धून पुन्हा सुरू झाली, आणि एक क्षणभर दोन्ही एकदमच वाजत होतं. मग बँड चर्चच्या वळणाला लागला आणि गच्चीवर कार्मनूने शेवटचा ठोका मारला.

ती सुरई घेऊन वर गेली. दोघांच्या गालांवर कणीक झाली होती आणि स्पीरूच्या हनुवटीवरून तिचा एक गोळा लोंबत होता. लिंबाचं पाणी कोमट होतं. चौघांनी ते पिऊन संपवलं.

सोमवारी सगळा गाव रिवाजाप्रमाणे समुद्रावर गेला. संध्याकाळी केसांत मीठ घेऊन विस्तीन तिच्या दारात आला. हातात फेस्ताच्या कुब्बायत मिठाईचा डबा होता, बदामाची, कडक जातीची. समितीची सभा पाण्यातच, कमरेइतक्या खोलीवर झाली, असं त्याने सांगितलं. काल जे ऐकू आलं ते संगीत नव्हे, हा जुना ठराव एकमताने कायम करण्यात आला. नियम कुठेही मोडलेला नाही. मात्र दोन सभासदांना मधे कुठेतरी चाल असल्याची शंका आली, म्हणून पुढच्या फेस्ताला त्याच जागी पुन्हा ऐकून खात्री करून घ्यावी, असंही ठरलं.

"पुढच्या वर्षी दुखवटा संपलेला असेल," रितिएन म्हणाली. "तुमचा बँड वाजतच जाईल ना."

"मग दोन्ही एकदम ऐकावं लागेल," विस्तीन म्हणाला. "समितीत बसलं की असले भोग येतातच."

ह्या वेळी तो स्टुलावर बसला नाही. जरा घुटमळून चेन्सूच्या खुर्चीत बसला. कुब्बायतचा एक तुकडा बराच वेळ दाढेखाली घोळवून झाल्यावर तो म्हणाला, की जावई चांगला आहे, हात दणकट आहेत, पण गप्प चालताना कडेवर काय वाजवायचं ते त्याला माहीत नाही. त्यालाच नाही, कुणालाच नाही. चेन्सू ते वाजवायचा एवढंच सगळ्यांना आठवतं, पण नेमकं कसं ते शेजारून चालणाऱ्यांनी कधी ऐकलंच नाही. पायाला कळायचं, कानाला नाही.

"तुला येतं का?" त्याने विचारलं.

रितिएनने खणातून लाकडी चमचा काढला आणि त्याची दांडी टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवायला लागली. दोन जवळजवळ, मग एक जरा थांबून. विस्तीन चघळायचा थांबला. थोड्या वेळाने टेबलाखाली त्याचा बूट हलायला लागला.